अपुरी हवा

स्विच मीच बसवतो.
बोटाच्या पेराएवढा, लाल टोपीचा,
रेडिओच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ.
आधी धूर गाळणारी जाळी कापून काढायची,
मग इंजिनाच्या मेंदूला खोटं सांगायचं
की समोर चढ आहे, मागे ओझं आहे,
ओत डिझेल, ओत.
दुपारभराचं काम. पैसे रोख. पावती नाही.

नेब्रास्काच्या आमच्या पट्ट्यात चढ नाहीच कुठे.
मका, मग सोयाबीन, मग धान्याचं उंच कोठार,
आणि मधून फुटपट्टीने आखल्यासारखा रस्ता.
कडेला पांढरी रेघ, रेघेपलीकडे वीतभर डांबर.
त्या वीतभरात शनिवारी सायकलवाले येतात
ओमाहाहून, पोपटांच्या थव्यासारखे,
दोघं-दोघं, कधी तिघं शेजारीशेजारी, गप्पा मारत,
आणि मागे कापणीचं यंत्र घेऊन माझा मेहुणा
चार मैल रांगतो.
एकाने माझ्या गाडीचा आरसा फोडला होता, हवा भरायच्या पंपाने.
मी फक्त हॉर्न दिला होता.
बरं, दोनदा दिला होता. लांब दिला होता.
म्हणून मला वाटायचं, खाऊ देत थोडा धूर.
धुराने कोण मरतं?

मंगळवारी दुपारी शटरखाली कुचेराबाई उभ्या.
बहात्तर वर्षांच्या, सायकल हाताने ढकलत.
त्या थव्यातल्या नव्हेत. नवरा गेल्यावर गाडी विकली,
तेव्हापासून लायब्ररीत जातात, एकट्या,
पुढच्या टोपलीत पुस्तकं.
चेहरा काळा.
म्हणजे कपाळ, गाल, दातसुद्धा.
चष्मा काढला तेव्हा डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं.
"लायल, एखादं फडकं मिळेल का?"

फडकं दिलं. तेलकटच होतं ते,
पुसलं त्याहून जास्त पसरलं.
मग पाणी दिलं. मग साबण.
त्या खोकत होत्या मूठ तोंडावर धरून, आवरून,
जणू मागे वर्ग बसलाय.
कोण होतं, मी विचारलं नाही.
कोण होतं, त्यांनी सांगितलं नाही.
नुसत्या आवाजावरून मी चार नावं सांगितली असती.
चारही माझ्या वहीत आहेत.

टेबलावर सहा स्विच पडले होते.
त्यांनी एक उचलला, वर केला, खाली केला. टिक. टिक.
"इंधन जास्त आणि हवा कमी," त्या म्हणाल्या,
"तर काय उरतं?"

एकतीस वर्षं झाली. खिडकीजवळ बसायचो मी.
मेणबत्तीवर त्यांनी बशी धरली होती
आणि बशीला काळा डाग आला तेव्हा
वर्गात एकट्या माझा हात वर होता.
"काजळी," मी म्हणालो.
"कशाची?"
"जे पुरतं जळलं नाही, त्याची."
त्यांनी मान हलवली, बरोबर उत्तराला हलवायच्या तशी,
आणि मला आत कुठेतरी
बरं वाटलं. तेच सहन होत नाही अजून.

तोंडाला काळं फासलं की लाज जाते म्हणतात.
कुणाची, ते फडक्यावरून कळत नाही.
तीनदा धुतलं. खुंटीवर आहे.

गुरुवारी नोव्हाकांचा कोल्टन आला, एकोणीसचा,
गाडी बापाची, टायर नवे, माझ्या कमरेपर्यंत.
"स्विच संपलेत," मी म्हणालो.
टेबलावर सहा दिसत होते. त्यानेही पाहिले.
"कधी येतील?"
"माहीत नाही."
हसला. तसा वाईट पोरगा नाही,
बर्फात माझ्या आईचा उंबरठा मोकळा करतो, न सांगता.
पुढच्या गावात गेला, तिथे बसवून घेतला.
वीस डॉलर स्वस्त पडला म्हणे.

शुक्रवारी शटरसमोरून जाताना त्याने चालवून दाखवला.
धूर रस्त्याला धरून लोळत गेला, मक्यात शिरला,
आणि वारा असूनही
बराच वेळ
ती पांढरी रेघ मला दिसली नाही.