पाचवं बटण

शत्रू म्हणून मी बटणं वापरते.
दुकानात डबाभर पडलेली असतात:
कुणाच्या कोटाची, कुणाच्या सासऱ्याच्या गणवेशाची,
एखाद्यात अजून दोरा अडकलेला.
दर गुरुवारी सहाला
शिलाई मशीन भिंतीकडे सरकवते,
कापडं बेतायच्या टेबलावर नकाशा पसरते,
आणि केमी गावातले चौघे
दाराशी बूट काढून माझ्या राज्यात येतात.
बाहेर समुद्र गोठलेला. जहाजं बंदरात अडकून.

एका गॉब्लिनचे सात पॉइंट.
वहीत पेन्सिलीनं सात लिहायचे,
खोडून चार लिहायचे,
खोडून एक.
सातवाला आणि एकवाला सारखाच धावतो,
तितक्याच जोरानं भाला मारतो.
मग शून्य. मग मी बटण पालथं घालते.
एवढंच. वीस वर्षं एवढंच.
इल्क्काला तर त्याचीही घाई;
दिवसभर रस्त्यावरचा बर्फ लोटणारा माणूस,
वाटेत काही उरलेलं त्याला खपत नाही.

त्या गुरुवारी पुलावर पाच होते.
चार पालथे पडले. राहिलं निळं.
आतोसच्या फाशावर नेमके वीस.
चौदा वर्षांचं पोर, खुर्चीवर उभं राहून ओरडलं,
"आरपार!"
मी बटणाकडे हात नेला.

सिर्क्कू म्हणाली, थांब. कुठे लागली?
कुठे म्हणजे?
कुठे म्हणजे कुठे. छातीत? बरगडीखाली? पोटात?
रात्रपाळी करून, चार तास झोपून आली होती ती.
मनगटावर पेनानं लिहिलेला कुणाचा तरी रक्तदाब
अजून पुरता गेला नव्हता.

नियमांच्या पुस्तकात
आगीचे अकरा प्रकार आहेत,
दोरखंडाचं वजन आहे.
कुठे, हे नाही.

पोटात, मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.
मग तो मेला नाही, ती म्हणाली.
पोटातलं असं पटकन संपत नाही. पाणी मागतात.

आता त्याला बोलायला लावणं आलं.
माझ्याकडे सोंगाचे आवाज दोनच,
खोकणारा राजा आणि खाष्ट सराईवाली.
दोन्ही बसेनात. माझ्याच आवाजात म्हणाले,
पाणी.

रायली सवयीनं बोलून गेली, खिशात काय सापडतं?
हातमोजा, मी म्हटलं. एकच.
ती पुढे काही बोलली नाही.

इल्क्कानं फासा उचलला.
"मी सोडवतो त्याला. दया म्हणून."
मुठीत खुळखुळवला, मग विचारलं,
"दयेला किती पडावे लागतात?"
मी पानं चाळली. फासा त्याच्या मुठीतच राहिला.

आतोस कधी खाली बसला कळलं नाही.
"मी तलवार उपसून घेतली तर?"
"नको," सिर्क्कू म्हणाली,
"ती आत आहे तोवर रक्त आत आहे."

मग तो धरून बसला.
म्हणजे खरोखरच; उजवी मूठ टेबलावर आवळून.
वेलदोड्याचा पाव डाव्या हातानं खाल्ला,
चुरा सगळा नदीच्या पात्रात सांडला.
बुरूज राहिला, खजिना राहिला,
राजकन्येचं तर कुणी नावही काढलं नाही.
इल्क्का नकाशावर बोट फिरवत
जवळचं गाव शोधत होता, वैद्य असलेलं.

साडेनऊला आतोसच्या वडिलांनी बाहेर हॉर्न वाजवला.
मूठ उघडायच्या आधी त्यानं विचारलं,
"पुढच्या गुरुवारपर्यंत तो...?"
तिकडे वेळ थांबते, मी म्हटलं. आपण नसलो की थांबते.
सिर्क्कू वाकून बुटाच्या नाड्या बांधत होती.
"बरी सोय आहे तुझी," म्हणाली,
आणि कामावर गेली.

शुक्रवारी एक बाई कोट घेऊन आल्या.
निळं बटण हवं होतं, चार भोकांचं,
अगदी टेबलावर होतं तसलंच.
त्यांनी बोटही दाखवलं.
ते नाही देता येणार, मी म्हटलं.
काळं लावून दिलं, पैसे घेतले नाहीत.