फुली

टोलेडो, ओहायो. जन्मून दीड दिवस.
सुंतेच्या कागदावर नर्सने फुली मारून दिली,
बाबांनी तिथे सही केली.
"इकडे सगळ्याच मुलग्यांची करतात."

आता मी एकेचाळीस.
रात्री बाथरूमची कडी लावून
टेपची पट्टी कापतो, अंगठ्याएवढी.
ओढ हलकीच. वर्षभरात
नखाच्या कडेइतकी वाढ.
शंका मात्र रोज वाढतात:
आहे तेही बिघडवतोय का?
कुणाला कळलं तर हसतील?

डॉक्टर सोबचाक हसल्या नाहीत.
"नसा गेल्या त्या गेल्या.
कातडी ताणली की वाढते, सावकाश.
दुखलं तर थांबायचं.
आणि हे विचारणारे तुम्ही पहिले नाही."
मग माझं ब्लडप्रेशर मोजलं.

आईबापांसाठी कातड्याचे जोडे करावेत म्हणतात.
माझा तर पहिला हप्ता
न विचारताच वळता झालेला.

हे मी बाबांना फोनवर ऐकवलं.
बराच वेळ नुसता त्यांचा श्वास.
"वाचलं नाही रे मी.
तिची फुली तेवढी बघितली."

बाहेर शेजारी फावड्याने
बर्फ ओढत होता, खरड खरड.
मी म्हटलं,
जेवलात का?