गैरहजेरीचा तक्ता

पाच वर्षांत देशाबाहेर किती दिवस,
तारखांसकट, कारणासकट.

हलच्या भाड्याच्या स्वयंपाकघरात
पासपोर्ट दिव्याखाली धरून मी शिक्के जुळवते:
जानेवारी, एकोणीस दिवस. धाकट्या दिराचं लग्न.
ऑगस्ट, आठ दिवस. आप्पा.

कारणाचा रकाना दोन बोटं रुंद.
जाण्यायेण्याचे दिवस धरू नका, वकीलबाई म्हणाल्या,
मग आठाचे सहा झाले.
दहाव्याआधीच निघाले होते मी;
कावळा शिवला, हे कळलं
वॉर्डात, औषधांच्या ट्रॉलीपाशी.
ज्या घरी मी हजर होते
त्याला इथे गैरहजेरी म्हणतात.

मंगळवारी मेल आला. कार्ड नाही, शिक्का नाही,
नुसती एक ओळ: राहायची रजा, बेमुदत.
आमच्याकडे रजा घेतात ती निघताना.
पेढे नव्हते घरात. निरंजनने
कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडून
चमचा पुढे केला.

रात्री शरयूचा फोन.
"मग आता कधी येतेस गं?"
सवयीने मी बोटांवर दिवस धरले.
मोजायचं कारण उरलं नव्हतं.
तरी आठावर आले
आणि थांबले.