कडता

रात्री साडेअकराला दोन-पाचच्या टेबलावर बसतो.
दोन-पाच म्हणजे रुपये. हसू नका.
शेजारी शाळेची शंभर पानी वही, रकाने आखलेले :
तारीख, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो,
आणि शेवटचा रकाना, त्याला नाव नाही,
तिथं मी फक्त 'शहाणा' नाहीतर 'गाढव' लिहितो.
नोव्हेंबरभर गाढव.

आप्पा मार्केट यार्डात तोलार होते, एकतीस वर्षं.
गुळाच्या ढेपा, टॉवेल, टॉवेलाखाली दोन हात.
अडत्या बोटं दाबणार, व्यापारी बोटं दाबणार,
वर दोघं एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करणार.
आप्पा म्हणतात, भाव तोंडावर आला
की भाव गेला.

माझ्या टेबलावर तोंडंच नाहीत.
सहा गोल खुर्च्या, सहा टोपणनावं.
'विदर्भकिंग' प्रत्येक हाताला उडी घेतो.
'चायबिस्कुट' एक्के आले तरच जागा होतो.
'अनघा८८' कधी कधी चार सेकंद थांबते.
थांबली तर खोटं, पटकन आली तर खरं,
असं मी वहीत लिहून ठेवलं होतं.
एकदा उलटं निघालं.
तीनशे ऐंशी रुपये.

दिवसा शिरोलीला, फौंड्रीत तपासनीस.
शंभर कास्टिंगांत किती फुटणार ते मला माहीत असतं,
कुठलं फुटणार ते नाही.
एक्क्यांची जोडी पाचात एकदा हरते :
हे कागदावर पटतं.
पावणेदोनला समोरच्याच्या सत्त्यांना
शेवटच्या पानावर तिसरा सत्ता येऊन मिळतो,
तेव्हा पटत नाही.
त्या रात्री मी पाच-दहावर गेलो, मग दहा-वीसवर,
मिक्सरसाठी ठेवलेले पैसे घेऊन.
वृषाली आत झोपलेली.
वहीत त्या तारखेला 'गाढव'सुद्धा नाही. पान कोरं.
नंतर महिनाभर ती चटणी खलबत्त्यात कुटत होती
आणि मी भिंतीपलीकडं प्रत्येक ठोका मोजत होतो.

मग शिकलो ते टाकून द्यायला.
शंभरातले ऐंशी हात बघून न बघितल्यासारखे.
आमच्या गल्लीत पत्ते टाकणाऱ्याला भित्रा म्हणतात.
दिगंबरमामा दिवाळीत तीन पानी ब्लाइंड खेळून
बुलेट हरले, ती गोष्ट अजून
छाती पुढं काढून सांगतात.
टाकून दिलेल्या पत्त्यांची गोष्ट
कुणी सांगत नाही.
माझ्याकडं तसल्या तेहतीस हजार आहेत.

अकरा महिने. एक्केचाळीस हजार हात.
माणसांकडून जिंकलो नऊ हजार चारशे.
त्यातले सात हजार दोनशे कंपनीनं कापून घेतले,
प्रत्येक डावातून चिमूट चिमूट,
जिंकणाऱ्याच्याच ताटातून.
तासाचा हिशेब केला :
चार रुपयेसुद्धा पडत नाहीत.
तरी वहीत 'शहाणा' लिहिलं,
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आप्पांना हे कापणं समजावून सांगत होतो.
मधेच म्हणाले, "कडता म्हण की.
काटा हलला की कडता.
घेणाऱ्याचं बरं झालं काय, देणाऱ्याचं वाईट झालं काय."
मग बराच वेळ गप्प.
"पर तू ऱ्हायलास का वर?"

वृषाली स्वयंपाकघरात चहा गाळत होती, दार उघडं.
आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल मांडीवर पसरला
आणि आत हात घातला.
मीही घातला.
त्यांची दोन बोटं धरून दाबली.
टॉवेलाखाली शून्यं सांगत नाहीत,
ती ज्यानं त्यानं समजून घ्यायची असतात.

त्यांच्या तोंडावर काही आलं नाही.
"वृषाली," मोठ्यानं म्हणाले,
"आज चहात साखर जरा जास्त टाक."