किल्ली

डुलूथचा उतार थेट सरोवरात उतरतो.
काल त्यावरून येताना ह्यांनी
लाल दिवा पाहिला, आणि थांबले नाहीत.

हिशेबाने पाहिलं : यंदा बंपरला तीन पोचे,
चौथा हॅरॉल्डच्या टपालपेटीला.
भीतीने पाहिलं, तर शाळेची पिवळी बस दिसली.
पुढचं पाहवेना.

ऋजुता फोनवर म्हणाली, आई, घे काढून किल्ली.
तिला सोपं आहे, ती फिनिक्सला असते,
तिथे बर्फ नाही आणि बाबाही नाहीत.

मग ह्यांच्या बाजूने बघायला बसले.
चौतीस हिवाळे, पहाटे पाचला काच खरवडून
हा माणूस मला हॉस्पिटलच्या पाळीला सोडायचा,
माझी सीट आधी गरम करून.
हे कुठल्या रकान्यात घालू?

आणि माझ्या बाजूने?
मी गाडी शिकलेच नाही.
किल्ली लपवली की दोघंही घरात,
एवढंच कुणाला बोलले नव्हते.

तूरडाळीच्या डब्यात हात घालून
ठेवली शेवटी, खोल.

संध्याकाळी हे म्हणाले, आज आमटी कर,
आणि फळीवरचा डबा
स्वतःच काढून दिला,
माझ्याकडे न बघता.