इतर

भवानी पेठेत, महापालिकेच्या दवाखान्याच्या वर
आमचं वाचनालय.
जिन्यात खालून फिनेलचा वास येतो, वरून जुन्या कागदाचा.
अकराव्या पायरीवर दोन्ही एकमेकांत मिसळतात.
तिथे मी दर गुरुवारी जरा थांबते.
दम लागतो, असं सांगते.

कादंबऱ्यांना सहा कपाटं, कथांना दोन,
नाटकांना एक, त्याचं दार लागत नाही.
आणि खिडकीखालच्या बुटक्या लोखंडी कपाटावर
पिवळी पडलेली चिठ्ठी: इतर.

इतर म्हणजे गांडुळं.
इतर म्हणजे मीठ कुठून कुठे गेलं आणि वाटेत कोणी कोणी कर घेतला,
पूल कसे उभे राहतात,
मधमाशी दुसरीला पत्ता कसा सांगते,
प्लेगात कुठल्या पेठेतली किती घरं बंद झाली.
म्हणजे खरोखर जे जे झालं,
ते सगळं गुडघ्याएवढ्या उंचीत.
कुंभोजकर बाईंना म्हटलं, चिठ्ठी तरी बदला.
त्या म्हणाल्या, काय लिहू? जागा एवढीच आहे.

सध्या मी दगडफुलावर वाचतेय.
दिवसभर लॅबच्या काउंटरवर
लोकांना त्यांच्याच रक्ताचे आकडे पाकिटात घालून द्यायचे,
आणि रात्री, भांडी झाली की, दहा पानं.
दगडफूल हे फूल नव्हेच म्हणे.
एक बुरशी आणि एक शेवाळ, दोघांनी मिळून थाटलेला संसार.
एकाने घर द्यायचं, एकाने उन्हातून जेवण करायचं.
वर्षाला वाढ किती, तर नखाच्या कडेइतकी.
रविवारी तळजाईला गेले आणि
चष्मा कपाळावर सरकवून एका खडकापाशी एवढा वेळ वाकून राहिले
की फिरायला आलेल्या एका मुलीने विचारलं,
काकू, काही पडलं का?

धुमाळांना हे सांगायचं होतं.
पाणीपुरवठ्यातून निवृत्त. इतरच्या कपाटापुढे
जमिनीवर मांडी घालून बसणारे आम्ही दोघंच.
ते धरणांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन गेले होते,
त्यावर माझा नंबर होता,
आणि तीन गुरुवार त्यांचा पत्ता नव्हता.
मनात नको ते येऊन गेलं.
वयच तसं.

चौथ्या गुरुवारी आले.
पुस्तक पंच्यात मुलासारखं गुंडाळलेलं.
"बाई, बादलीत पडलं."
आयुष्यभर शहराला पाणी सोडलेला माणूस,
नजर वर करेना.
"एकेक पान इस्त्री केलं. चारशे बारा पानं आहेत.
एकशे नव्वदवर थोडं करपलंय."

कुंभोजकर बाईंनी पानं चाळली.
प्रत्येक पान थोडं लहरी झालेलं,
मिटल्यावर पुस्तक दुप्पट.
त्यांनी रजिस्टर उघडलं, उशिराचे एकवीस रुपये लावले,
पावती फाडली,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, मी वाकून पाहिलं,
लिहिलं: वाचलेले आहे.

मी ते लगेच माझ्या नावावर घेतलं.
अजून कोमट होतं, की मलाच वाटलं.
माझं परत केलेलं धुमाळांनी उचललं,
मुखपृष्ठ लांब धरून पाहिलं.
"दगडफूल? ते गोड्या मसाल्यातलं?"
"तेच."
"मग त्यात वाचायचं काय?"
"वाचा तुम्ही. मी पंधरा दिवस झाले,
डबा उघडते आणि परत लावते."

त्यांनी सही केली. पेन चालेना,
तळहातावर गिरवून पुन्हा केली.
खाली दवाखान्यात कोणाचं तरी बाळ
सुई टोचल्यासारखं रडत होतं, टोचलीच असणार.
मी अकराव्या पायरीवर थांबले.
या वेळी उतरताना,
त्यामुळे दम लागल्याचं सांगता आलं नाही.