स्वच्छ हवेत काही दिसत नाही

पहाटे पावणेपाचला जनरेटर खोकला, मग त्याने दम धरला.
बालिकचीच्या बाहेर, सरोवराच्या पश्चिम टोकाला,
जिथे बोओमच्या घळीतून उलान सुटतो
आणि गाड्यांच्या काचांवर वाळूने ओरखडे काढतो,
तिथे आम्ही पांढरी पेटी मांडली.
एका पायाखाली फळकूट,
दुसऱ्याखाली बेगाइमचं शाळेतलं भूमितीचं पुस्तक.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबला
तशी ती म्हणाली, "हं. विचार आता त्याला."

त्याला म्हणजे वाऱ्याला.
विचारायचं ते असं : न दिसणारा उजेड लांब फेकायचा.
तो धुळीवर, परागावर, कुणाच्या चुलीच्या धुरावर आपटतो,
चिमूटभर माघारी येतो.
येताना सूर किंचित चढला असेल
तर वारा आपल्याकडे निघालाय,
उतरला असेल तर चाललाय सोडून.
बाकी सगळी बेरीज-वजाबाकी.

पण या कोरड्या गावाला क्वचित भेटणारा पाऊस
नेमका काल रात्री येऊन गेला होता.
हवा धुतलेल्या पेल्यासारखी.
पलीकडच्या बर्फाची एकेक सुरकुती मोजावी इतकी स्वच्छ.
आणि पडद्यावर
शंभर मीटर : रिकामं.
दोनशे : रिकामं.
एक किलोमीटर : रिकामं.

माझी टोपी उडाली, काटेरी झुडपात अडकली.
चहा पेल्यातून तिरका सांडला.
तंबूचा दोर रात्रभर दात खात होता, अजून खातोय.
आम्ही दोघी भर वाऱ्याला उभ्या
आणि यंत्र शपथेवर सांगतंय,
वारा? माहीत नाही.

दुपारी जमीन सुकली, तापली.
एकच्या सुमाराला तोकतोसूनच्या मेंढ्या आल्या,
मागून तो, घोड्यावर अर्धा झोपेत.
खुरांनी रस्ता उचलला, उन्हाने आणखी वर नेला,
आणि पडदा एकदम भरला,
लाल, गर्द लाल, सरोवरावर जाणारी एक नदीच,
सेकंदाला चौदा मीटर.
बेगाइम ओरडली. घोडा दचकला.

"काय दिसलं?" त्याने विचारलं.
मी सांगितलं : धूळ, चढता सूर, उतरता सूर.
तो खिशातलं कुरुत काढून चघळत राहिला.
मग म्हणाला,
"माझा धाकटा मॉस्कोत असतो.
बरं चाललं असलं की महिना-महिना फोन नाही.
आवाज चढलेला आला की समजतो, येणार आहे.
पडलेला आला
की ही उगाच त्याच्या खोलीतली गादी उन्हात टाकते."
एवढं बोलून त्याने
मला दोन कुरुत दिली आणि एका मेंढीला शिवी.

संध्याकाळी उलान ओसरला.
पूर्वेकडून सांताश आला, पडद्यावर निळा.
दोघे पाण्यावर कुठेतरी भेटले,
तिथे एक पांढरी रेघ, नांगरटीसारखी वाकडी,
बावीस मिनिटं टिकली.
आम्ही ती नुसती पाहिली. जेवण गार झालं.

रात्री बॅटरीच्या उजेडात नोंदवही.
वेळ : १३.१० ते १३.३५. संकेत : उत्तम.
कारण, या रकान्यापाशी बेगाइमचं पेन अडलं.
मग तिने लिहिलं : मेंढ्या, अंदाजे एकशे चाळीस.

मी वही ओढून घेतली
आणि पुढे जोडलं :
त्यात एक लंगडी.
सगळ्यात जास्त धूळ तिची.